रविवारची आई

१

माझ्या दुकानात आता फोन करायला कुणी येत नाही, फोनमध्ये रिचार्ज मारायला येतात. बाहेरच्या पाटीवर अजून निळ्या अक्षरांत 'वार्तेल' लिहिलेलं आहे आणि नव्या पोरांना ते माझंच नाव वाटतं. आमच्याकडे मोठ्या बाईला 'बू' म्हणतात. परवा एकानं चक्क विचारलं, "बू वार्तेल, सिमकार्ड आहे का?" मी म्हटलं, "आहे ना बाळा. पण माझं नाव वियार्ती. वार्तेल म्हणजे तुझी आई लग्नाआधी जिथून तुझ्या बापाशी गुलूगुलू बोलायची ती जागा." पोरगं लाजून पळालं, सिमकार्ड न घेताच.

एके काळी इथं चार केबिनी होत्या. काचेचं दार, आत एक स्टूल, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि भिंतीवर लाल आकडे पळवणारं मीटर. सणाच्या आधी रांग समोरच्या संगमरवराच्या कारखान्यापर्यंत जायची. आमच्या तुलुंगागुंग जिल्ह्यातल्या निम्म्या घरांतल्या मुली परदेशात लोकांची धुणीभांडी करतात, त्यामुळे इथं बोलणं कमी आणि रडणंच जास्त व्हायचं. मी काउंटरवर बसून सगळ्यांचं ऐकायचे. ऐकायचं नसलं तरी ऐकू यायचं, कारण फोनवर बोलताना लोक परदेश लांब आहे म्हणून ओरडायचे.

मग मोबाइल आले आणि बघता बघता सगळं बसलं. एक नंबरच्या जागी मी थंड पेयांचा फ्रिज ठेवला. दोन नंबर मोडून रिचार्जचं काउंटर केलं. तीन नंबरची तार कंपनीच्या माणसानं कापली, तेव्हापासून तिच्यात शेवयांची खोकी रचलेली आहेत, खालपासून छतापर्यंत. राहिला चार नंबर. तो मी ठेवला होता एकाच गिऱ्हाइकासाठी, तुरियाहसाठी.

तुरियाह सिंगापूरला होती, एका मॅडमच्या घरी कामाला, आणि मॅडम तिला मोबाइल ठेवू द्यायची नाही. दर रविवारी दुपारी मॅडमचं कुटुंब आजीकडे जेवायला जायचं, तेव्हा ही कचरा टाकायला खाली उतरायची आणि इमारतीखालच्या सार्वजनिक फोनवरून मला फोन करायची. तिची आई सामिनेम आधीपासून चार नंबरमध्ये येऊन बसलेली असायची. म्हातारीला त्या यंत्राचा भरवसा नव्हता. रिसीव्हर कानाला कधी लावायची नाही, चांगला वीतभर लांब धरायची, जणू तो चावेल. तिनं जन्मात कधी फोनचं बटण दाबलं नाही. तिचं फोनवरचं बोलणंही ठरलेलं. जेवलीस का, मॅडम ओरडते का, नमाज चुकवत नाहीस ना, बरं ठेव आता, पैसे जातात.

तेवढ्यासाठी ती उन्हातून भातशेतांच्या बांधावरून चालत यायची. मला तिचा राग यायचा आणि माया पण वाटायची.

२

सामिनेम गेली ती कोरड्या हवेच्या दिवसांत, झोपेतच. तिला पुरून आल्यावर तिचा मुलगा कासिदी माझ्या दुकानात आला आणि रिकाम्या खुर्चीवर बसून राहिला. मी त्याला गोड चहा दिला. तो त्यानं प्यायला नाही.

"बू, तुरियाहला कळवायचं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तिला कामाला पाठवणारा एजंट म्हणाला, घरात कुणाची माती झाल्याचं पोरींना सांगू नका. त्या वेड्यासारख्या करतात. कामात लक्ष राहत नाही, पळून येतात. तिचा करार पुरा होऊ दे. मग सांगू."

यात नवीन काही नव्हतं. आमच्याकडे असंच करतात. कितीतरी मुली परत आल्या तेव्हा विमानतळावरून थेट कबरीवर गेल्या. मी म्हटलं, "ठीक आहे. मग रविवारी तिला काय सांगू? आई झोपलीय?"

"एक रविवार झोपेल, बू. दर रविवारी कशी झोपेल?" त्यानं मान वर केली. "तुम्हीच बोला. तुम्ही इतकी वर्षं तिचं ऐकलंय. लाइन खराब असते. चार वाक्यं तर बोलायची."

मी त्याला बरंच सुनावलं. म्हटलं, मी काय नाटकातली बाई आहे? पण मनातून मी तेव्हाच तयार झाले होते. ती पोरगी सातासमुद्रापार एकटी कपडे वाळत घालत असेल आणि तिची आई गेलीय हे तिला कळल्यावर तिच्याजवळ बसायलाही कुणी नसेल, हे मला सहन होईना.

रविवारी फोन आला. मी ओढणी तोंडाशी धरली, आवाज खाली ओढला आणि म्हणाले, "जेवलीस का?" मग ती म्हणाली, "जेवले आई. तू?"

सगळं जमलं, फक्त खोकला जमला नाही. सामिनेम दोनदा तुटक खोकायची आणि नाक ओढायची. माझा खोकला लांबच लांब निघाला, रिक्षा सुरू होत नाही तसा. बाहेर उभा असलेला कासिदी रडता रडता हसला. "आई असं नाही खोकायची, बू. पण चालेल."

मग मी तसाच खोकत राहिले. एकदा चुकलेलं बदलायची सोय नव्हती.

३

पावसाळा आला तरी सगळं सुरळीत चाललं होतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. रविवारी दुपारी समोरच्या कारखान्याची करवत बंद असते, त्यामुळे दुकानात नुसती फ्रिजची घरघर. मी चार नंबरमध्ये बसून वाट बघायचे. खरं सांगायचं तर मला त्या फोनची ओढ लागली होती. मला मूल नाही. आठवड्यातून एकदा कुणीतरी आई म्हणतंय, याची सवय वाईट असते.

एका रविवारी ती म्हणाली, "आई, बुधवारी तुझा आवाज किती स्पष्ट आला गं."

मी म्हटलं, "हं?"

"तू खालच्या फोनवर केलास ना. मी कचरा टाकून वर निघाले होते आणि फोन वाजला. मी उचलला तर तू."

मी नेहमीचंच बोलले, "बरं ठेव आता, पैसे जातात," आणि फोन ठेवला.

कासिदीला बोलावून घेतलं. तो दुकानात आला तो मोबाइलवर बोलतच. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"बुधवारी तुझ्या बायकोला किंवा कुणाला आईच्या आवाजात फोन करायला लावलास?"

"वेड लागलंय का, बू? त्या फोनचा नंबर कुणाकडे आहे?"

खरंच, नंबर कुणाकडेच नव्हता. बाहेरून त्या फोनवर बोलता येतं हेही मला माहीत नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली. पोरगी दमलेली असते, एकटी असते, दुपारी डोळा लागला असेल आणि स्वप्न पडलं असेल. आपण आईचं सोंग करतो म्हणून आपल्याच मनाला टोचतंय. एवढी समजूत घातल्यावर मी भात आणि तळलेलं सोयाबीनचं तेम्पे पोटभर खाल्लं, आणि रात्री छान झोपले.

मग पुढच्या रविवारी तिनं विचारलं, "आई, तू हल्ली रोज का करतेस? एवढे पैसे कुठून आले तुझ्याकडे?"

४

त्यानंतर थोड्याच दिवसांत सिंगापूरचा तो खालचा फोन काढून टाकला. तिथंही सगळ्यांकडे मोबाइल आले होते. तुरियाहनं मॅडमच्या घरातल्या फोनवरून सांगितलं. मॅडमनं घड्याळ लावून थोडी मिनिटं दिली होती, पण आता खाली जायचं कारण नाही म्हणून बाहेर जाताना ती दाराला कुलूप लावू लागली होती.

"बरंच झालं," मी आईच्या आवाजात म्हणाले. मला खरंच हायसं वाटलं. फोनच नाही म्हटल्यावर वाजणार कसा?

"पण तो वाजतो, आई."

"काय?"

"खालचा फोन. भिंतीवर नुसती चार भोकं राहिलीत, मी कचरा न्यायला शेवटचं उतरले तेव्हा बघितली. पण वाजतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी कपडे वाळत घालते ना, तिथून ऐकू येतं. किती वेळ वाजत राहतो! मला जाता येत नाही, दाराला कुलूप असतं. मग मी वाकून बघते."

त्या इमारतीत कपडे कसे वाळत घालतात ते तिनंच मला पूर्वी सांगितलं होतं. लांब बांबूत कपडे ओवायचे आणि ओला जड बांबू खिडकीतून बाहेर ढकलून भिंतीतल्या खोबणीत बसवायचा. खाली किती मजले आहेत ते तिनं मोजलं नव्हतं. म्हणाली होती, माणसं तांदळाएवढी दिसतात.

"वाकू नकोस," मी म्हटलं. माझा आवाज जरा माझाच निघाला.

"बरं, आई."

मी रिसीव्हर ठेवला आणि चार नंबरमधून बाहेर आले. काउंटरकडे जाताना सहज नजर गेली. तीन नंबरच्या दारावरच्या खरबरीत काचेमागं लाल उजेड होता. तिथलं मीटर चालू होतं. आकडे पळत होते, आत कुणीतरी बोलत असल्यासारखे.

मी तिथंच उभी राहिले. मग स्वतःवर चिडले. जुनं यंत्र आहे, गावात वीज वरखाली होते, परवाच फ्रिजनं झटका दिला होता. मी जाऊन दार उघडलं. खोकी जशीच्या तशी होती, त्यांच्यावरची धूळ सुद्धा कुणी हलवलेली नव्हती. आत माणूस सोडा, मांजर शिरायला जागा नव्हती. खोक्यांच्या फटीतून हात घालून मी तारेचं टोक चाचपलं. कापलेलं होतं. मीटर विझलेलं होतं.

दार लावून मी वळले, आणि पाठीमागून रिसीव्हर खुंटीवर ठेवल्याचा आवाज आला. इतकी वर्षं हे दुकान चालवलंय. त्या आवाजाची मी दुसऱ्या कशाशी गल्लत करणार नाही.

५

त्या संध्याकाळी मी कासिदीच्या घरी गेले. त्याची बायको पेचेलच्या चटणीसाठी शेंगदाणे वाटत होती. मी सरळ बोलले, "मी तिला खरं सांगणार आहे. येत्या रविवारी."

"करार संपायला आता काही महिनेच राहिलेत, बू."

"तिला फोन येतात. तुझ्या आईच्या आवाजात. खिडकीपाशी बोलावतात."

त्याची बायको वाटता वाटता थांबली. कासिदी हसला, पण ते हसू टिकलं नाही. "तुम्ही दुपारी एकट्या त्या दुकानात बसता. कुणी येत नाही, जात नाही. माझं ऐका, ते बंद करा आणि बहिणीकडे जाऊन राहा चार दिवस."

"मी वेडी झालेय असं म्हण ना सरळ."

"मी तसं म्हटलं का?"

"नाही. तुम्ही लोक कुठलीच गोष्ट सरळ म्हणत नाही. हाच तर घोळ आहे सगळा!"

मी ओरडलेच. शेजारचा म्हातारा पाक रादेन कुंपणावरून डोकावला, मग नजर वळवून कोंबड्यांना दाणे टाकू लागला. आमच्याकडे भांडण झालं की शेजारी असंच कोंबड्यांकडे बघतात. कासिदीनं मान खाली घातली.

"खरं कळल्यावर तिनंच काही केलं तर?" तो म्हणाला. "आई गेली, आपण सगळ्यांनी फसवलं. ती खिडकी तिथंच आहे, बू."

दुपारपासून मीही तोच विचार करत होते. न सांगावं तर तो फोन तिला ओढत होता, आणि सांगावं तर हे असं. पण निदान सांगितल्यावर तिला कळेल की तो आवाज आईचा असूच शकत नाही. मग ती वाकणार नाही. मला दुसरा मार्ग दिसत नव्हता.

"मी सांगणार," मी म्हटलं. त्यानं मला अडवलं नाही. हो सुद्धा म्हटलं नाही.

६

रविवारी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं आणि पाऊस काही पडत नव्हता. मी फ्रिज बंद केला, त्याची घरघर नको म्हणून. रिचार्जवाल्यांना परतवून लावलं. चार नंबरमध्ये जाऊन बसले, दार मात्र उघडं ठेवलं. तिथून तीन नंबरचं दार तिरकं दिसतं.

नेहमीच्या वेळेला फोन वाजला.

"आई?"

"तुरियाह, नीट ऐक. मी वियार्ती बोलतेय."

"हो, बू."

तिला काहीच आश्चर्य वाटलं नाही. मला ते तेव्हाच खटकलं, पण मी ठरवून आले होते ते बोलून टाकायचंच होतं. "मला माफ कर, पोरी. तुझी आई..."

"आई गेली ना. मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं तुला?"

"आईनंच."

बाहेरच्या रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. मी रिसीव्हर कानाला आणखी घट्ट दाबला.

"पहिल्यांदा फोन केला तेव्हाच सांगितलं तिनं," तुरियाह म्हणाली. किती शांत बोलत होती! "म्हणाली, मी गेले. रविवारी बोलते ती मी नाही, ती वियार्ती आहे. तिला काही बोलू नकोस, तिला वाईट वाटेल."

"मग तू का गप्प बसलीस?"

"कसं म्हणणार, बू? आईच्या फोनांचा विषय काढून बघितला, तर तुम्ही आईसारखंच बोलत राहिलात. तुम्ही माझ्यासाठी इतकं करत होता. खोकत सुद्धा होता. तुम्हाला ओशाळं वाटलं असतं."

मी कपाळाला हात लावला. एवढे रविवार मी तिला सांभाळून घेत होते आणि ती मला. एकमेकींना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आम्ही दोघी गोड बोलत राहिलो, आणि तेवढ्यात ते दुसरं काहीतरी तिच्याशी रोज खरं बोलत होतं.

"तुरियाह, ती तुझी आई नाही. तुझ्या आईला फोन लावता येत नव्हता. तिला बटणं कळत नव्हती."

"आता कळतात, म्हणाली." मग एकदम तिचा आवाज उजळला. "बू, वाजतोय बघा. खालचा. तुम्हाला ऐकू येतोय?"

मला ऐकू येत होता. तिच्या फोनमधून, लांबून, खोल विहिरीतून यावा तसा. आणि तेव्हाच तीन नंबरच्या काचेमागं लाल उजेड पडला.

मी बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. काच खरबरीत आहे, तिच्यातून माणसाचा नुसता रंग दिसतो. पूर्वी सगळी गिऱ्हाइकं मला तशीच दिसायची. खोकी जिथं होती तिथंच होती, त्यांचा पिवळट रंग दिसत होता, आणि त्यांच्या पुढं, जिथं वीतभरही जागा नाही, तिथं कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. रिसीव्हर धरला होता. लांब नव्हे, कानाला घट्ट दाबून, इकडं मी धरला होता तसाच.

मग ते खोकलं. लांबच लांब.

तो सामिनेमचा खोकला नव्हता. तो माझा होता. मी चार नंबरमध्ये बसून बनवलेला, चुकलेला, बदलायची सोय नसलेला खोकला. पाठोपाठ मी काढते तसा खाली ओढलेला आवाज त्या केबिनमधून आणि माझ्या रिसीव्हरमधून एकदमच आला, "ये."

पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, ओला बांबू भिंतीवर घासावा तसा. तुरियाहचा आवाज लांबून आला, "आले, आई."

मला दुसरं काही सुचलं नाही. मी आईच्या आवाजात ओरडले. "पोरी, मागं फीर! आत ये आणि खिडकी लाव! मी सांगतेय ना, आई सांगतेय तुझी, खिडकी लाव!"

सगळं थांबलं. मग ती परत फोनजवळ आली असावी, कारण तिचा श्वास मला ऐकू आला.

"हो, बू," ती म्हणाली. "लावते."

किती अदबीनं म्हणाली. आमच्याकडे मोठ्या माणसाला 'नाही' म्हणत नाहीत. 'हो' म्हणतात आणि मग आपलं करतात. तिनं रिसीव्हर कशावर तरी हळूच ठेवला, आवाज होऊ नये अशा बेतानं. अनवाणी पावलं लांब गेली. खालचा फोन वाजत होता, वाजत होता, आणि मध्येच बंद झाला, कुणीतरी उचलल्यासारखा.

मी तिचं नाव घेऊन ओरडत राहिले. तीन नंबरमधला लाल उजेड केव्हा गेला, मला कळलं नाही.

७

तिची शवपेटी सुराबायाच्या विमानतळावर आली. कागदावर लिहिलं होतं, कपडे वाळत घालताना अपघात. कासिदीनं तिला आईशेजारी पुरलं. मी गेले होते. बायका मला धरून रडल्या आणि म्हणाल्या, "बू, तुम्ही तिच्यासाठी किती केलंत." कुणीही मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

कासिदी निघताना एवढंच म्हणाला, "तो फोन आता काढून टाका." मी मान हलवली. कंपनीला कळवलं, त्यांचा माणूस सोमवारी येणार होता. तीन नंबरमधली खोकी मी बाहेर काढली, केबिनच्या फळ्या उचकटून मागच्या अंगणात जाळल्या. काच फोडून पुरली. ते जे काही होतं ते सामिनेम होती की नाही याचा विचार मी करत नाही. नव्हती, हे मला माहीत आहे. आवाज त्याला कुणी दिला हेही माहीत आहे.

कंपनीचा माणूस यायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी चार नंबर पुसायला गेले. उद्या जायचा आहे तर धुळीसकट कशाला द्यायचा, एवढाच विचार. आणि फोन वाजला.

मी उचलला नाही. तो वाजत राहिला. मी बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले, तरी वाजत राहिला. अखेर मला राहवेना.

"बू, मी," तुरियाह म्हणाली.

मी भिंतीला टेकले. "कुठून बोलतेस?"

"खालच्या फोनवरून." तिचा आवाज दमलेला होता, घाबरलेला होता. "बू, आई इथं नाहीये. खाली आलीस की भेटेन म्हणाली होती. मी सगळीकडं बघितलं. नुसते खांब आहेत. माणसं जातात, पण कुणी थांबत नाही. मी हाक मारली तरी बघत नाहीत. मॅडम चिडली असेल का हो? कपडे तसेच राहिलेत."

तिला माहीतच नव्हतं. मी तोंडावर हात दाबला. तिला हे कसं सांगायचं असतं? कोण सांगतं? कासिदी असता तर म्हणाला असता, आत्ता नको, सवडीनं सांगू. आणि मला पहिल्यांदाच त्याचं म्हणणं पटलं.

"चिडली नाही," मी म्हटलं. "कुणी चिडलं नाही."

"मी कधी परत यायचं, बू?"

"करार पुरा झाला की."

ती अगदी संकोचून, जणू माझ्याकडे उसनी साखर मागावी तसं म्हणाली, "बू, तुम्हाला जमणार असेल तर... आईसारखं बोलाल थोडं? मला माहीत आहे तुम्हीच आहात. पण बोला ना."

मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि स्टुलावर बसले. तिच्याशी बोलत राहिले, ती म्हणेल तेवढा वेळ. आपण काय करतोय आणि कशाला परत आपला आवाज देतोय, ते मला पुरतं कळत होतं.

सोमवारी कंपनीचा माणूस हत्यारांची पेटी घेऊन आला. म्हणाला, "बू, आख्ख्या जिल्ह्यात हा शेवटचा. आता कुणाला लागतोय हो?" त्याला मी कॉफी दिली आणि परत पाठवलं. हा काढला असता तर त्या पोरीनं फोन करायचा कुठं?